माशी, खाच आणि साडू

२ मार्च, रविवार
सासऱ्यांनी आज जेवताना जाहीर केलं. त्यांची फौजेतली जुनी रायफल आता त्यांच्या खांद्याला पेलत नाही. मुलगा नाही, जावई दोन. तेवीस तारखेला रेंजवर दोघांनी पाच-पाच गोळ्या मारायच्या. जो सरस, रायफल त्याची. साडू नुसते हसले. दातांचे डॉक्टर आहेत, त्यांचं हसणं म्हणजे धंद्याची जाहिरात.
मला काळजी नाही. बावीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर सरळ रेषा मारतोय. गोळी म्हणजे तरी काय, लांबलेली रेषाच. संकल्प: रोज पहाटे पाचला उठून सराव.

३ मार्च, सकाळी ८.४०
उद्यापासून. पहाटे डोळे ताजे नसतात, असं कुठंतरी वाचलंय.

५ मार्च
थिअरी. सासऱ्यांनी फोनवर समजावलं. या रायफलीला दुर्बीण नाही, नुसतं लोखंड. डोळ्याजवळ एक खाच, नळीच्या टोकाला उभी काडी. तिला ते माशी म्हणतात. माशी खाचेच्या मधोमध धरायची, दोन्हींची डोकी एका रेषेत. इथवर ठीक. पुढे म्हणाले, नजर माशीवर ठेवा, टार्गेट पुसट दिसलं तरी चालेल. ज्याला मारायचं त्यालाच पुसट बघायचं? वयोमान, दुसरं काय. मी हो हो म्हटलं.
छत्रीला केसांचा चिमटा आणि आगपेटीची काडी चिकटवून सराव केला. नेम भिंतीवरच्या घड्याळावर. ही म्हणाली, ते आधीच बंद पडलंय, मेलेल्याला काय मारता. दुर्लक्ष केलं.

९ मार्च, रेंज
खाचेपाशी सरकती पट्टी आहे, तिच्यावर आकडे. सासरे चहाला गेले तेवढ्यात पट्टी सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेली. म्हटलं, जोर वाढेल. पाचही गोळ्या टार्गेटच्या वरून मातीच्या ढिगात. ते आकडे अंतराचे असतात म्हणे, जितकं टार्गेट लांब तितकी नळी वर. हे आधी सांगायला नको?
साडूंच्या तीन लागल्या, त्याही कडेला. नवशिक्याचं नशीब.

१६ मार्च
पट्टी खाली. आता गोळ्या उजवीकडे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतला मी नाही, पण माशी खरंच वाकडी होती. हातोडीनं हळूच डावीकडे ठोकली. गोळ्या आणखी उजवीकडे! सासऱ्यांनी हातोडी काढून घेतली, माशी परत जागेवर आणली. म्हणाले, गोळ्या जातात तिकडेच माशी सरकवायची असते, आणि मुळात ती सरळच होती, तुम्ही चाप हिसक्यानं ओढता. साडूंनी मान डोलावली. त्यांना काय कळलं असणार!

२२ मार्च, शनिवार
इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला रायफल नकोच आहे. सासऱ्यांनी ती स्वतःच्या हातानं मला द्यावी, एवढंच हवंय. लग्नाला अठरा वर्षं झाली. साडूंना ते 'अरे' म्हणतात, मला अजून 'अहो'.
हट्ट सोडला. उद्या नजर माशीवर, फक्त माशीवर. बाकी जग पुसट होऊ दे.

२३ मार्च, सकाळी ११
जमलं! माशी काळीभोर, खाचेत मधोमध, मागे सगळं धुकं. चाप लोण्यात सुरी फिरावी तसा ओढला. पाचही बसल्या, मला आतून कळलं. साडू शेजारी रेंजच्या तसल्याच रायफलीनं ठोकत होते, बिचारे. चहानंतर निकाल. हॉलमध्ये रायफल कुठे टांगायची, ते ठरवून टाकलं.

२३ मार्च, संध्याकाळ
माझं टार्गेट कोरं. एक भोक नाही.
साडूंच्या टार्गेटवर दहा. पाच इकडेतिकडे, पाच मधोमध, चहाच्या कपाखाली झाकली जातील अशी. माशीकडे इतक्या निष्ठेनं बघितलं की ती कोणाच्या टार्गेटसमोर धरली, हे बघायचंच राहिलं.
रेंजचा नियम असा की गोळी कोणाची हे सांगता येत नसेल, तर सगळ्यात चांगल्या पाच गोळ्या ज्याचं टार्गेट त्याच्या. मी म्हटलं, त्या माझ्या आहेत. साडूही म्हणाले, त्यांच्याच असणार, माझ्या इतक्या चांगल्या लागत नाहीत. त्या माणसाचा इतका राग मला कधीच आला नव्हता.
सासऱ्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहो, नेम तुमचाच चांगला, पण कशावर झाडतोय हे न बघणाऱ्याच्या हातात मी रायफल देत नाही.
वाईट वाटलं. फार.
साडूंची कंबर धरली होती, म्हणून त्यांच्या गाडीपर्यंत रायफल मीच उचलून नेली. मागच्या सीटवर नीट आडवी ठेवली. दिसते त्यापेक्षा जड आहे.