दोन नि चार आठ

अहो,

डोकं पार बधिर झालंय. सकाळपासून तुमच्या प्रोग्रॅमपुढं बसलेय आणि विचारायला कुणी नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही गेल्यावर अख्खा पावसाळा उलटून गेला, पण तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार? रडायचं ते भिंतीपुढं रडून झालं. आज जे अडलंय ते मात्र भिंतीला कळण्यातलं नाही.

मुरुडच्या डाळमिलचा काटा बंद पडलाय. तोच, ट्रॅक्टर-ट्रक तोलायचा, तुम्ही बसवलेला. आभाळातून वीज पडली आणि डब्यातला बोर्ड जळाला. ट्रॅक्टरांची रिकामी वजनं जिच्यात साठवली होती ती बारकी चिप तेवढी वाचली. पण बोर्डावरची तुमची ती जुनी मुख्य चिप आता मिळतच नाही. नांदेडात नाही, हैदराबादेत नाही. मिळते ती नवी, आकारानं तेवढीच आणि अकलेनं चौपट. म्हटलं, बरंच झालं, तुमचा प्रोग्रॅम तसाच्या तसा हिच्यात भरू, ती वाचलेली बारकी शेजारी बसवू. भरला, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

मिलचे शेठ स्पष्टच बोलले. "वहिनी, सोयाबीन यायच्या आत काटा चालू पाहिजे. न्हाई तर मी कंपनीचा बसवतो. मग राग धरायचा न्हाई." मुरुड गेलं की बाकीचे काटेही जाणार, हे तुम्हाला सांगायला नको. तिकडं दादाचा लातूरहून रोज फोन. "मंगल, काट्यांचं ते दुकान आवर आणि इकडं ये. पूर्वीसारखी क्लासमध्ये शिकव. यंत्रांचं काम त्यांचं होतं, तुझं नव्हे." शेवटी मी त्याला शब्द देऊन बसलेय की हा एक काटा मला जमला नाही तर दुकानाची किल्ली तुझ्या हातात. आता बोला, करू काय?

क्लासवरून आठवलं. तुम्ही मला बघायला आलात तो दिवस आठवतो का? पोह्यांची बशी हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "तुम्ही सी लँग्वेज शिकवता म्हणे. इंट किती बाइटचा?" मी ताठ मानेनं सांगितलं, दोन. "कुणी सांगितलं?" पुस्तकानं. "कंपायलरला विचारलं का कधी?" माझे बाबा उगाचच हसले, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. मला असा संताप आला होता! मुलगी बघायला आला आहात की तोंडी परीक्षा घ्यायला? तरी हो म्हणाले, ते का ते मला आजवर कळलेलं नाही.

पण माझं तरी काय चुकलं होतं? आमच्या क्लासात तो निळ्या पडद्याचा जुना कंपायलर होता. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर, असं मी पोरांना सांगायचे. इंट म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, आणि ती दोन बाइटची, म्हणजे यंत्राच्या आठवणीतल्या दोन घरांची. बेचा पाढा पाठ करावा तसं अख्ख्या लातूरनं ते पाठ केलं होतं. पेपरातही तेच यायचं. दोन लिहिलं की गुण मिळायचे, मग शंका घेणार कोण?

लग्नानंतर तर तुमचं ते पालुपदच झालं. काही विचारलं की, "कंपायलरला विचार." भाजीत मीठ बरोबर आहे का? "जिभेला विचार." पाऊस येईल का? "आभाळाला विचार." मला वाटायचं, हा माणूस मला टाळतो. दुकानात मी हिशोब बघायचे, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, केबली जोडून द्यायचे, पण प्रोग्रॅम तुमचा. कधी जवळ बसवून सांगितलं नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते.

तर आता तुमचा प्रोग्रॅम उघडला. बघते तर काय, चिपटं, मापटं, शेर! सासूबाईंची ज्वारी मोजायची भांडी तुम्ही प्रोग्रॅममध्ये आणून ठेवलीत. आधी वाटलं, थट्टा आहे. मग लक्षात आलं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर. म्हणजे चिपटं एक बाइटचं, मापटं दोनचं, शेर चारचा. एकदा मोंढ्यातून बाजार करून येताना तुम्ही म्हणाला होतात, "कट्टा म्हणजे पोतं, पण किती किलोचं? विचार नांदेडला, विचार लातूरला, जो तो वेगळं सांगंल. इंटचं तसंच हाय. मापटं म्हटलं की मापटं." मी तेव्हा कोथिंबिरीचा भाव करून राहिले होते, नीट ऐकलंच नाही.

आणि त्या तीन ओळी. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला. मापटं दोन बाइटचं आहे का? शेर चारचा आहे का? एका ट्रॅक्टरची नोंद, म्हणजे त्याचा नंबर मापटंभर आणि त्याचं रिकामं वजन शेरभर, मिळून सहाची आहे का? यातलं एक जरी नसलं तरी पुढं जायचं नाही, पडद्यावर लिहायचं, "माप जुळेना."

नव्या चिपेत प्रोग्रॅम भरला तर पडद्यावर तेवढंच. माप जुळेना. बटण बंद करा, चालू करा, माप जुळेना. मला वाटलं, जुन्या चिपेसाठीची काहीतरी खोड असेल, नवीला तिचं काय? मी त्या तिन्ही ओळी काढून टाकल्या. लगेच काटा चालू! इतकी खूश झाले की दादाला फोन करून चार शब्द ऐकवले.

मुरुडला नेऊन बसवला. मिलचाच रिकामा ट्रॅक्टर काट्यावर घेतला, नंबर दाबला. रिकाम्या ट्रॅक्टरात माल किती? शून्य यायला पाहिजे. काट्यानं ढीगभर माल दाखवला. दुसरा ट्रॅक्टर घेतला, त्यात तर उणे आला. काट्यावर बसणारे गफ्फारचाचा तुम्हाला माहीतच आहेत, त्यांच्या अब्बांनीही तराजूच धरला. ते चष्मा पुसून म्हणाले, "बेटी, काटा झूट बोलून राहिला. बंद काटा चालंल, झूटा काटा नको. शेतकऱ्याच्या मालाला हात लावायच्या आधी उतरव त्याला." शेठ पाठ फिरवून मिलमध्ये निघून गेले, आणि तेच जास्त लागलं. एसटीत बोर्डाचा डबा मांडीवर घेऊन नांदेडपर्यंत आले. शेजारच्या बाईनं विचारलं, डब्यात काय आहे? मी डबा आणखी जवळ ओढला.

आल्यावर पहिलं काम केलं ते तुमच्या तिन्ही ओळी परत लावल्या. प्रोग्रॅम म्हणत होता माप जुळेना, आणि खरंच जुळत नव्हतं! मी त्याचं तोंड दाबलं आणि खोटा कारभार चालू केला. मग बसले कंपायलरलाच विचारायला. प्रोग्रॅममध्येच लिहून विचारता येतं, बाबा रे, तुझा इंट किती बाइटचा? उत्तर आलं, चार.

चार! मी पुन्हा विचारलं, पुन्हा चार. बेचा पाढा कुणी बदलून टाकावा तसं झालं. मग तुमची ती मापांची ओळ बघितली आणि कपाळावर हात मारला. मापटं म्हणजे काय, तर तुम्ही लिहिलंय, मापटं म्हणजे इंट! अहो, जन्मभर मला कट्ट्याचं तत्त्वज्ञान ऐकवलंत आणि स्वतः मापट्याच्या आत कट्टाच ओतून ठेवलात? जुन्या चिपेत इंट दोनचा होता म्हणून ते खपलं. नवीत मापटं फुगून शेराएवढं झालं. बारक्या चिपेतला नंबर वाचतानाच प्रोग्रॅम वजनातले दोन बाइट खाऊन टाकायचा, मग पुढचं सगळं सरकलेलं. दुसऱ्याच्या अंगणातलं वजन याच्या नावावर.

इंट काढून शॉर्ट केला, म्हणजे इंटचा धाकटा भाऊ. नवीतही तो दोनचाच, हे आधी विचारून घेतलं. शहाणी झालेय मी आता. मापटं दोन, शेर चार. देवापुढं साखर ठेवली, बटण दाबलं.

माप जुळेना.

आता सांगा, माणसानं करावं काय? पुन्हा विचारलं. मापटं किती, दोन. शेर किती, चार. दोन्हीची मिळून नोंद किती? आठ. दोन नि चार आठ! पहिलीतल्या पोराचे कान उपटतील अशानं. इथं येऊन गाडी थांबलीय. तुम्ही असता तर "कंपायलरला विचार" म्हणाला असता. विचारलंच की! तोच तर आठ म्हणतो. आता पुढं कुणाला विचारू?

---

वर लिहून उठले होते. गिरणीतून दळण आणलं, वरण-भात टाकला, चार घास खाल्ले आणि मग वाटलं, आपण विचारतोय ते चुकीचं विचारतोय. एकूण किती, हे विचारलं. कोण कुठं बसलंय, हे कुठं विचारलं?

ते विचारलं. नंबर सुरुवातीलाच बसलाय. वजन त्याला चिकटून बसायला हवं होतं, पण ते दोन घरं सोडून पलीकडं बसलंय. मधले दोन बाइट रिकामे. कुणाचेच नाहीत, कशाचेच नाहीत. या नव्या चिपेला चार बाइटची वस्तू चाराच्या कप्प्याच्या तोंडापासून ठेवलेली बरी पडते, एका दमात उचलता येते म्हणून. मांडणीत मोठा डबा कप्प्याच्या कडेला लावतो आणि लहान डब्याशेजारची जागा तशीच सोडतो, त्यातला प्रकार. कंपायलर न सांगता अशी जागा सोडतो. तुमच्या जुन्या चिपेला ही ऐट नव्हती, सगळं खेटून बसायचं.

त्या दोन रिकाम्या घरांकडं बघत किती वेळ बसले कुणास ठाऊक. उगाच डोळे भरून आले. मग स्वतःचाच राग आला, काटा अडलाय आणि ही बाई बाइटसाठी रडतेय. नाक पुसलं आणि कंपायलरला सांगितलं की या नोंदीत जागा सोडायची नाही, वाचलेल्या बारक्या चिपेत जसं आहे तसं खेटून वाच. ते सांगायची रीत शोधायलाच संध्याकाळ झाली.

आणि ती शोधता शोधता एक गोष्ट कळली. कळली म्हणजे, निम्मीच कळली. तुम्ही मला टाळत नव्हता. तुम्हालाही पाठ नव्हतं. पाठ असतं तर त्या तीन ओळी लिहिल्या असत्या कशाला? दर वेळी तुम्हीही विचारूनच पुढं जात होता. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला माणूस, याला सगळं येतं, असं मीच धरून चालले. मग तेवढं तोंडानं सांगायला काय झालं होतं हो? "मंगल, मलाही माहीत नाही, चल दोघं मिळून विचारू." इतकं म्हणाला असता तर मी खुर्ची ओढून शेजारी बसले असते. किती वर्षं बसले असते!

आणि दुसरं अजूनही कळत नाही. तुमच्याकडं एकच चिप होती, तिच्यात माप चुकायचा प्रश्नच नव्हता. त्या ओळी तुम्हाला स्वतःला कधी लागल्याच नसत्या. मग लिहिल्यात कुणासाठी? पुढं कुणीतरी हे दुसऱ्या यंत्रात ओतणार, हे तुम्ही धरलं होतं. ते कुणीतरी म्हणजे कोण होतं तुमच्या मनात? नावगाव काहीच लिहून ठेवलं नाहीत. मी होते का? खरं सांगा.

---

आज मुरुडला जाऊन आले, म्हणून पत्र पुढं लिहितेय. कालचं पोस्टात टाकायचा प्रश्न नव्हताच म्हणा.

बोर्ड बसवला. गफ्फारचाचा शेजारी उभे, शेठ दारात. घाईत माझ्या हातून स्क्रू खाली पडला, तो चाचांनीच उचलून दिला. बटण दाबलं. पडदा उजळला, आणि त्यावर काहीच आलं नाही. मी वाट बघत राहिले. तो शब्द आता येईल, मग येईल. आला नाही. थोड्या वेळानं शून्य लागलं.

चाचांनी वाकून विचारलं, "काय म्हणतो?"

माझ्या तोंडून गेलं, "काही म्हणत नाहीत."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं आणि ट्रॅक्टरवाल्याला जोरात हाक मारली. रिकामा ट्रॅक्टर चढला, शून्य. दुसरा चढला, शून्य. मग तुरीची पोती टाकून तोलली, ती छोट्या काट्यावर उतरवून पुन्हा तोलली, दोन्ही बरोबर. शेठ म्हणाले, "वहिनी, चहा घेऊन जा." चाचा म्हणाले, "हाव, आता सच बोलला." मी चहा घेतला. बशीत अर्धा सांडला.

किल्ली दादाला देत नाही. त्याला फोन करून सांगितलं, तो रागावलाय, रागावू दे. तुम्ही बसवलेले जुन्या चिपांचे अजून कितीतरी काटे आहेत, ते एकेक करून जळणारच, आणि मला त्यातलं अर्धंही कळत नाही. पण शब्द देते, त्या तीन ओळी मी पुन्हा कधी काढणार नाही. चिप कुठलीही येवो, आधी तुमच्यापुढं ठेवीन. माप जुळलं तर आजच्यासारखे गप्प राहा. मी चुकले, तर मात्र बोला.

तुमची,
मंगल