जेलन खाली बसला नाही

प्रिय अश्वजित,

जय भीम. फोन केला का आई स्पीकरवर ठेवते, म्हणून हे कागदावर लिहून राह्यली. मी बरी आहे. थंडी लय आहे, पण आईनं देल्लेलं स्वेटर पुरते.

आमच्या कॉलेजच्या टीमचा जेलन, ज्याच्या गुडघ्याले सामन्याआधी मीच पट्टी बांधते, त्याचा गुडघा शनिवारी गेला. इकडच्या अमेरिकन फुटबॉलमंदी तो क्वार्टरबॅक. त्याचं काम बॉल फेकायचं. पण जागा दिसली का तो सोताच बॉल घेऊन पळते, अन् सारं स्टेडियम उभं राह्यते. पळता पळता घसरून खाली बसला तर त्याले कोणी पाडू शकत नाही, असा नियम आहे. मी रोज म्हणत होती, "बस बाप्पा." तो नुसता हसे. शनिवारी समोरच्या टीमचे दोघं एकदमच अंगावर आले.

आता त्याची माय मले विचारते, पोरगा पुन्हा पळन का? काय सांगू तिले?

तुह्या कबड्डीत तर खाली बसायची सोयही नाही. वणीच्या डॉक्टरनं तुहा गुडघा पाहून चढाई बंद सांगतली, अन् तू म्हणतो, सोडली.

आईनं मामाच्या प्रियंकाच्या वाढदिवसाचा फोटो पाठवला. केकमागं तू हसून राह्यला, पण सारा भार डाव्या पायावर. जेलन मागच्या महिन्यात असाच उभा राहे. मी कोचले सांगतलं, कोणी ऐकलं नाही.

आईले यातलं काही सांगू नको. तूही हे वाचून हसशील, मले माहीत आहे.

इतक्या दुरून पट्टीही बांधू न शकणारी,
तुही ताई मैत्रेयी