हरलेल्याचा विषय

ता. २८ नोव्हेंबर १९०९, रविवार

हरलो. माझ्या ताटात मतांच्या मोजक्या सुपाऱ्या पडल्या, बाकी साऱ्या त्याच्या.

हरल्याचं काही नाही. हार-जीत चालायचीच. पण गुंडोपंत आठल्ये आज भर सभेत जे बोलला, त्याचं उट्टं काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझं मन मऊ पडायला नको.

विषय डॉक्टर कुटिन्होंनी आणलेला. डॉक्टर वसईचे ख्रिस्ती, इथल्या दवाखान्यावर आहेत आणि आमच्या वादसभेचे अध्यक्ष. फ्रान्समध्ये जोन म्हणून एक शेतकऱ्याची पोर होऊन गेली. तिला आकाशातून आवाज ऐकू येत. त्या आवाजांचं ऐकून ती इंग्रजांशी लढली, पकडली गेली आणि तिला पाखंडी ठरवून जिवंत जाळली. तिलाच आता पोपसाहेबांनी यंदा पुण्यवंतांच्या रांगेत बसवली! तर ते आवाज देवाचे की नुसते भास? मी भास म्हणायचं, गुंडोपंताने देवाचे म्हणायचं.

मी पुष्कळ तयारी केली होती. उपासांनी डोकं कसं हलकं होतं, अडाणी बाईला काय काय दिसू लागतं, सगळं सांगितलं. असल्या बाया आपल्याकडेही पाड्यापाड्यावर आहेत म्हणालो. केस मोकळे सोडून घुमायला लागल्या की लोक नारळ घेऊन धावतात!

मग तो उठला. आधी तपकीर ओढली, मग उपरण्याने नाक पुसलं. सावकाश. म्हणाला, "पांडोबा मास्तरांनी असं म्हणावं याचं मला नवल वाटतं. खुद्द त्यांच्या मातोश्रींच्या अंगात देवी येते. अर्धा मोखाडा त्या बाईंच्या पायाशी बसतो. मग बिचाऱ्या जोननंच काय घोडं मारलंय?"

वाचनालयाची पडवी हसून हसून लोळली. डॉक्टरसुद्धा हसले.

ही गोष्ट जव्हारात मी कुणाला कळू दिली नव्हती. संस्थानच्या कारभारीसाहेबांबरोबर मोखाड्याच्या दौऱ्यावर गेला होता, तेव्हा हुंगून आला असणार मेला.

ता. २९

दाढी करताना न्हाव्याने विचारलं — मास्तर, म्हैस दूध देत नाही, तुमच्या आईकडून अंगारा आणून द्याल का? थट्टा नव्हती. खरंच विचारत होता. तेच जास्त लागलं.

ता. २ डिसेंबर

झोप नीट नाही. जेवताना घासागणिक त्याचं ते नाक पुसणं आठवतं.

पण एक हत्यार माझ्या हातात आहे. आमच्या सभेचा नियम — हरणाऱ्याचं मन राखायला म्हणून केलेला — की पुढच्या सभेचा विषय हरलेल्याने द्यायचा, आणि जिंकलेल्याने कोणती बाजू घ्यायची तेही त्यानेच ठरवायचं. जिंकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर सभासदत्व गेलं. सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी. वेळ आहे.

मनात येतं, पोपच्या क्षमापत्रांचा विषय द्यावा. पैसे भरा आणि पापातून सुटा! ते योग्यच होतं, असं गुंडोपंताने डॉक्टरांच्या तोंडासमोर म्हणायचं. ल्यूथरने चर्चच्या दारावर कागद ठोकून जे चव्हाट्यावर आणलं ते याने सारवासारव करून झाकायचं. डॉक्टरांनाच ओशाळं होईल, आणि हा माकडासारखा उड्या मारील.

बरं आहे. पण पोटभर नाही.

ता. १२

आईने जैतूबरोबर नागलीचं पीठ पाठवलं. जैतू आमच्या पाड्यावरचाच. अंगणातून मोठ्यानं ओरडायला लागला, "पांड्या, तुज्या आयनं धाडलाय!" शेजारचे माना काढून पाहायला लागले. पीठ घेतलं आणि त्याला तिथूनच वाटेला लावला. पाणी विचारायचं राहिलं.

आई बरी आहे म्हणतो. पौर्णिमेला फार माणूस जमलं होतं म्हणे. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ता. २४

नाशकास कलेक्टरसाहेबांना नाटकगृहात गोळी घातली! बाजारात दुसरी गोष्ट नाही. सगळे दबक्या आवाजात. कारभारीसाहेबांनी वाचनालयातली वर्तमानपत्रं मागवून घेतली, एकूण एक चाळली. दोन तर परतच आली नाहीत. रविवारची सभा रद्द. डॉक्टर तसेही नाताळला वसईस निघालेच होते.

कारभारीसाहेब आता पाचोळा वाजला तरी दचकतात. आणि त्यांची इंग्रजी पत्रं लिहितो कोण? गुंडोपंत! रोज त्यांच्या समोर बसून.

विषय सापडला.

ता. २ जानेवारी १९१०

डॉक्टर आले. त्यांच्या घरी जाऊन विषय दिला — "इंग्लंडच्या प्रजेने आपला राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद केला, तो न्याय्य होता काय?" न्याय्य होता, ही बाजू गुंडोपंतांची.

डॉक्टरांनी चष्मा काढला. संस्थानात राहून राजाच्या मानेचा विषय, तोही या दिवसांत? म्हणाले, दुसरं काही पाहा. मी म्हणालो, अडीचशे वर्षांपूर्वीचं, तेही विलायतेतलं. शाळेत मुलांना आपण हेच शिकवतो. शिवाय नियम तो नियम. तुम्हीच केलेला! बिचाऱ्यांनी विषय वहीत उतरवून घेतला. सरळ माणूस आहे. नियमापुढे त्याचं काही चालत नाही.

तारीख ३० जानेवारी. चार्ल्सचं डोकं उडवलं तेही ३० जानेवारीलाच. हे मी पुस्तकात पाहून ठेवलं होतं. तो योग मला फार आवडला.

ता. ४

कारभारीसाहेबांना भेटून सभेचं आमंत्रण दिलं. म्हणालो, दिवस वाईट आहेत, लोक नाना शंका घेतात. साहेबांनी एकदा स्वतः येऊन पाहावं म्हणजे आमच्या सभेवर बोल राहणार नाही. खुश झाले. येतो म्हणाले. विषय विचारला तेव्हा इंग्लंडचा इतिहास एवढंच सांगितलं.

ता. ९

तळ्याच्या रस्त्यावर तो भेटला. मला वाटलं, अंगावर येईल किंवा हात जोडील. तर हात चोळत म्हणतो, "काय झकास विषय दिलात मास्तर! मेंदूला चार महिन्यांचा चारा." काखेत इंग्लंडच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ. याला सापळा दिसतच नाही! किंवा दिसतो, पण त्यातल्या खोबऱ्याचा वास फार आवडलाय.

माझा सगळा डाव याच्या एका खोडीवर आहे. याला हरता येत नाही. घरात बायको नाही, पोर नाही. गेली त्याला वर्षं झाली. उरलाय तो नुसता वाद. कुळथाचं पिठलं चांगलं की तुरीचं, यावरसुद्धा घसा फोडून भांडेल. पडेल बाजू मुद्दाम पडेल तशी मांडावी, हे त्याला या जन्मी जमायचं नाही.

ता. २२

गुंडोपंत शाळेत आला होता. फार काळजीने बोलला. फार थंडी पडली आहे, मास्तर, मफलर वापरत जा म्हणे. ढोंगी.

ता. २९

उद्या. आज एकच धास्ती. शहाणपण सुचून तो मिळमिळीत बोलला तर? चार वाक्यं बोलून खाली बसला तर कारभारीसाहेब हसून चहा पिऊन जातील, आणि मी पुन्हा एकदा मूर्ख ठरेन.

तसं होऊ द्यायचं नाही. कुठे टोचायचं ते मला ठाऊक आहे.

ता. ३०, रविवार

जमलं!

पडवी गच्च भरली होती. कारभारीसाहेब पुढच्या खुर्चीत. पहिला मी बोललो. राजा हा देवाचा अंश, त्याच्या मानेवर कुऱ्हाड घालणारी प्रजा स्वतःच्याच घराचं आढं तोडते, वगैरे. कारभारीसाहेब मान डोलावत होते.

मग तो. उठून आधी म्हणाला, मला मिळालेली बाजू मी कर्तव्य म्हणून मांडतो. आणि खरंच गुळगुळीत बोलू लागला! पार्लमेंट, कर, अमुक साल, तमुक साल. समोर कोण बसलंय ते त्याला कळत होतं.

मी उभा राहिलो. डॉक्टरांकडे पाहून म्हणालो, "गुंडोपंतांना मुद्दे सापडत नसतील तर त्यांनी तसं सांगावं. सभेचा वेळ का घालवता?"

लोक हसले. अगदी त्या दिवशी माझ्यावर हसले तसेच. गुंडोपंताचे कान लाल झाले. त्याने हातातली तपकिरीची डबी बाजूला ठेवली.

आणि मग सुटला! राजा प्रजेचा राखणदार. राखणदारानेच घर फोडलं तर घरच्यांनी त्याला ओवाळायचं काय, म्हणाला. मास्तर म्हणतात राजा देवाचा अंश. मग कुऱ्हाड पडताना देव कुठे गेला होता? चार्ल्सने प्रजेला सांगितलं, मला जाब विचारणारे तुम्ही कोण? तेव्हाच त्याची मान उडाली, कुऱ्हाड नंतर पडली! आवाज असा चढला की रस्त्यावरचे लोक थांबून ऐकू लागले. चार्ल्स विसरला, विलायत विसरला, नोकरी विसरला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला.

तो बोलत असतानाच कारभारीसाहेब उठून गेले.

सुपाऱ्या टाकायची वेळ आली. सगळे खाली माना घालून माझ्या ताटाकडे. ताट भरून सुपाऱ्या जमिनीवर सांडल्या. त्याच्या ताटात एकच. ती डॉक्टर कुटिन्होंनी टाकली, सगळ्यांच्या देखत, खणकन.

जाताना गुंडोपंत माझ्याजवळ आला. घामाघूम. म्हणाला, "शेवटी जरा लांबलं, नाही का?"

ता. ३१

सकाळी त्याला बोलावणं. राजीनामा लिहून घेतला. आठवड्याच्या आत गाव सोडायचं.

डॉक्टरांकडून कळलं — कारभारीसाहेबांनी तीनतीनदा विचारलं, हा विषय काढला कोणी? गुंडोपंत म्हणाला, "विषय कोणाचा का असेना, बोललो ते मी." बस्स. माझं नाव नाही.

का नाही घेतलं? मी उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं होतं उत्तर. वाया गेलं.

ता. ३ फेब्रुवारी

गेला! शाळेच्या खिडकीतून पाहिला. बैलगाडीत एक ट्रंक आणि बाकी पुस्तकं. सिन्नरला भाऊ आहे त्याच्याकडे जातो. मोखाड्यावरून, त्र्यंबकच्या वाटेने. गाडीवान हाकायला लागला तरी हा मान वळवून त्याला काहीतरी समजावून सांगतच होता. गाडीवानाशीसुद्धा वाद!

निरोपाला डॉक्टर एकटेच. बाजारातल्या कुणाचीही जवळ जायची छाती झाली नाही. मला कसं वाटलं ते लिहून ठेवायचं म्हणून लिहितो — बरं वाटलं. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आईचं नाव चारचौघांत घेऊन हसवतोस? घे आता!

ता. ५

डॉक्टर बोलत नाहीत. वाटेत समोर आले तर दवाखान्यात शिरतात. पुढच्या सभेचा विषय देणार कोण? नियमाप्रमाणे हरलेल्याने द्यायचा. तो तर नाही. सभा बंदच पडणार. पडो.

ता. ८

जैतू आला होता. आज त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. आईचा निरोप घेऊन आलाय. जसा सांगितला तसा लिहितो —

"तुजा सोबती येऊन गेला. वाटेवर गाडी थांबवून पाड्यावर चालत आला. नारल ठेवला, माज्या पाया पडला, अंगारा मागून घेतला. म्हनला, आय, मी सभेत तुजं नाव घेतलं, लोक हसली. मला तसं नव्हतं म्हनायचं. पांड्या, तुजं लय गुन गात होता. भला मानूस हाय. त्याला परत कवा धाडशील?"

जैतू अजून ओट्यावर बसून आहे. आईला काय सांगू, म्हणून विचारतो आहे.