स्कीच्या फळीतली चीर

बाबा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, फोनवर काय ते बोलायचो, तेही पैसे पोचले का आणि पाऊस कसा आहे एवढंच. आज लिहितोय, कारण जे सांगायचंय ते जिवंत माणसाला सांगायची माझी छाती होत नाही. जेवणाची सुट्टी आहे. इथे वाळवंटात, उम्म सलाल मोहम्मद गावात आमचं वर्कशॉप आहे, तिथे प्लायवुडच्या थप्पीवर बसलोय, मांडीवर मापं लिहायची वही. डबा उघडलेला नाही. आज गुरुवार, उद्या जुम्मा, परवा शनिवार, दोन्ही दिवस ऑफिस बंद. आणि परवा नाही तेरवा, रविवारी, तिकडे युरोपात एक माणूस बर्फाच्या डोंगरावरून दोन लाकडी फळ्यांवर उभा राहून सुसाट खाली येणार आहे. त्यातली डाव्या पायाची फळी फुटलेली आहे. ती मी फोडली आणि मीच चिकटवली. त्याला हे माहीत नाही, माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

ह्या फळ्यांना स्की म्हणतात. माणसापेक्षा लांब, हाताच्या पंजाएवढ्या रुंद, आणि पुढचं टोक आपल्या होडीच्या नाळेसारखं, पुढच्या निमुळत्या चोचीसारखं, वर वळवलेलं. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आधी टोकाचाच वास घेतला. फळीला खालून जाळ आणि वरून पाणी देत देत तुम्ही ती कशी वळवायचात ते आठवलं. इथे प्रदर्शनं मांडायचं काम आम्ही करतो. कल्पना कुणाची तरी, पैसा कुणाचा तरी, लाकूडकाम आमचं. ह्या वेळी डोंगरावरून खाली यायच्या शर्यती कशा सुरू झाल्या, ते मांडायचं होतं. तेव्हा उन्हाळा होता, बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि आत बर्फाचं प्रदर्शन, पण इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. सगळं बघणाऱ्या मॅडम पुण्याच्या, अल सद्दला राहतात, मला दादा म्हणतात. भिंतीवर लावायचा मजकूर लिहिताना मला मराठीतून सांगत बसायच्या. म्हणायच्या, तुम्हाला समजलं की शाळेतल्या पोरांना समजेल.

त्यांच्याकडून कळलं ते असं. आधी म्हणे ह्याला कुणी खेळ मानतच नव्हतं. उत्तरेकडच्या लोकांचं म्हणणं, बर्फातून लांब चाला, उड्या मारा, त्यात कसब. नुसतं उतारावरून खाली येण्यात काय मोठंसं. मग आल्प्सच्या डोंगरात सुट्टीला आलेल्या हौशी पाहुण्यांनी आणि तिथल्या गाववाल्यांनी शर्यती लावल्या. वर न्यायला तारेवरचे पाळणे नव्हते, फळ्या खांद्यावर टाकून तासन् तास चढायचं. कुठे कुठे तर आखलेली वाटही नसायची. सगळ्यांनी एकदम सुटायचं, मध्ये कुंपण येवो की झाडी, ज्याची त्याने वाट काढायची, आधी खाली पोचेल तो जिंकला. पाय चामड्याच्या पट्ट्यांनी असा आवळलेला, की माणूस पडला तरी फळी सुटायची नाही, हाडच मोडायचं. लोकांनी नावं ठेवली तरी बायकासुद्धा उतरायच्या. प्रदर्शनाला आलेली जोडी अशाच एका बाईची. ती कधीच गेली, तिच्या नातवाने जोडी विश्वासाने पाठवली होती.

आलेल्या लोकांना फळ्यांवर उभं राहून बघता यावं म्हणून मला तश्शीच दुसरी जोडी बनवायची होती. म्हणून खरी जोडी तीन दिवस माझ्या टेबलावर होती. हातमोजे घालूनच हात लावायचा, असा लेखी नियम. मी मापं घेतली, जाडी घेतली, कडेला स्क्रूने बसवलेल्या पोलादी पट्ट्या मोजल्या, तरी ते लाकूड मला कळेना. आणि तुम्ही काय करायचात? होडी पाण्यात लोटण्याआधी चपला काढून आत उभे राहायचात. "पायांक कळता," म्हणायचात. दुपारची वेळ, बाकीचे नमाजाला आणि जेवायला गेलेले. मी बूट काढले, बाबा. त्या बाईच्या फळ्यांवर उभा राहिलो, पट्ट्यांत पाय घातले, गुडघे वाकवले, पुढे झुकलो. ह्या वयाला, पोट सुटलेला माणूस. डोळे मिटले आणि खरं सांगतो, पोटात खड्डा पडला, जसा भरतीच्या लाटेवरून होडी खाली येताना पडतो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग पायाखाली टक् असा बारीक आवाज झाला.

पट्टा ओवायला फळीत आरपार भोक असतं, तिथून टोकाकडे वीतभर चीर गेली होती. केसाएवढी. मी पातळ गोंद सुईने आत सोडला, क्लॅम्प लावला, दुसऱ्या दिवशी मेण आणि रंग फिरवला. काम असं झालं की माझं मलाच दिसेना. होड्या बांधायच्या आपल्या मांडवातली ती होडी मला आठवली नाही असं समजू नका. मी एकोणीस वर्षांचा, खिळा मारताना फळी तडकवली, आणि वर राळ फासून मोकळा झालो. तुम्ही नख फिरवलंत आणि थांबलात. होडीचा मालक समोर उभा होता. तुम्ही त्याला म्हणालात, "माज्याकडसून फळी फुटली, आठ दिवस थांब," आणि पहार घालून ती फळी उपसून काढलीत. माझं नाव घेतलं नाहीत. तो गेल्यावर मला एवढंच विचारलंत, "मोडला तर मोडला. सांगूक काय झाला होता तुका?" मी खाली मान घालून उभा होतो. आजही तसाच आहे, फक्त केस पिकलेत.

पण तेव्हा मनाशी म्हटलं, ही काय समुद्रात जायची होडी आहे? भिंतीवर तर टांगायचीय. तीन महिने ती भिंतीवर होती आणि मला चांगली झोप लागत होती. गेल्या आठवड्यात मंगळवारी जोडी परत पाठवायला पेटी भरली. मॅडमनी टॉर्च मारून फळ्या तपासल्या, कागदावर सगळं ठीक म्हणून सही केली, आणि सहज म्हणाल्या, "माहितीये का दादा, त्या बाईंचा नातू ह्याच घालून शर्यतीत उतरणार आहे. तिकडे जुनंच सामान घालून शर्यत लावतात, हौसेने." माझ्या हातात स्क्रूगन होती. मी झाकणाचे सोळा स्क्रू पिळले. एकेक पिळताना वाटत होतं, आता बोलतो, हा झाला की बोलतो.

त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी मनाची समजूत घालतोय की लोक नुसतं म्हणतात, तो उतरणार थोडाच आहे, फोटो काढेल आणि खुंटीला लावेल. गोंद चांगला होता, धरेलही. पण गोंद मेल्या लाकडावर किती धरतो ते मला माहीत आहे, मी तुमचा मुलगा आहे. बोललो तर नोकरी गेली, व्हिसा गेला, पन्नाशीच्या सुताराला आता कोण बोलावतंय? मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. अल अझीझियाच्या खोलीत सहा जण आहोत, एकालाही बोललो नाही. पाणी प्यायला उठतो आणि नळापाशी उभाच राहतो. मला मरणाची भीती वाटतेय, बाबा, आणि कोणाच्या मरणाची ते विचारू नका. दीड वाजलाय, दोनला मॅडम मीटिंगला जातील. त्यानंतर थेट रविवार.

इथवर लिहिलं आणि उठलो. आता साडेतीन झालेत, पुन्हा त्याच थप्पीवर बसलोय. काय झालं ते सांगतो.

मी दारातच उभं राहून म्हटलं, "मॅडम, जरा बोलायचं होतं."

"आत्ता? बरं, पटकन बोला दादा, मला मीटिंग आहे."

"त्या जुन्या स्की. डावी फुटलेली आहे. मी त्यावर उभा राहिलो होतो."

त्या आधी हसल्या, मस्करी वाटली असेल. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "पण मी स्वतः चेक केलं होतं."

"चिकटवली होती मी. तुम्हाला दिसलीच नसती."

"अहो, तो माणूस रविवारी..." एवढं म्हणून त्यांनी फोन उचलला. पुढचं सगळं इंग्लिशमध्ये झालं. त्या नातवाला तीनदा लावला, उचलला नाही. चौथ्यांदा त्याच्या बायकोने घेतला. मॅडमचा आवाज खाली आला तेव्हाच मी समजलो, काहीतरी वाईट आहे. तो सकाळपासून डोंगरावर गेला होता, सरावाला, तीच जोडी घेऊन, आणि फोन घरी ठेवून गेला होता. बायको म्हणाली, डोंगरावरच्या माणसांना कळवते, आणि फोन कट झाला. मॅडमची मीटिंग राहिली. त्या खुर्चीत, मी भिंतीला टेकून, चाळीस मिनिटं. मी देवाला हाक मारली नाही, तुम्हाला मारली. त्याला खाली आणा म्हटलं, धड खाली आणा, होडी खडकांतून काढायचात तसं त्याला काढा. मॅडम एकदाच बोलल्या, "मला हे ऑफिसात वर कळवावं लागेल." मी म्हटलं, "कळवा."

मग फोन वाजला. तो खाली आला होता, धड होता. दुसऱ्या खेपेला वर निघाला होता तेव्हा पाळण्यापाशी त्याला गाठलं. त्याने तिथेच फळी वाकवून पाहिली आणि चीर उघडली, बोट जाईल एवढी. मॅडमनी फोन ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मला एकदम रडू कोसळलं. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे नवा होतो, येता आलं नाही, तेव्हासुद्धा असा रडलो नव्हतो. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. बरं वाटलं. सगळं संपलं असं वाटलं.

बाटली परत घेताना त्यांनी हळू आवाजात विचारलं, "दादा, सोमवारी मी तुम्हाला व्हिडिओ दाखवला होता ना, तो माणूस त्याच स्कीवरून उतरतानाचा. तेव्हा तुम्ही छान म्हणालात."

मी म्हटलं, "मॅडम, चष्मा नव्हता. नीट दिसलंच नाही मला."

त्यांनी मान हलवली, पटलं त्यांना. तो माणूस वाचल्याला अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. हे पान कुठे पाठवायचं नाही, मापांच्या वहीतच राहील, म्हणून तुम्हाला सांगतो. चष्मा डोळ्यांवरच होता, बाबा.