नकट्या सुळक्यावरून उतरताना

अमळनेर

ती. भागाबाई आत्यांना दिपमालाचा सविनय जय भीम.

गुडघा कसा आहे? जिना उगाच चढू-उतरू नका. (हे मी सांगावं, म्हणजे कमालच.) इकडे सगळे खुशाल, आबांच्या मांड्या तेवढ्या दुखतात. त्याचीच ही हकीकत.

शिरपूरपलीकडच्या नकट्या सुळक्यावर दर रविवारी धुळ्या-जळगावची मुलं हातापायांनी चढतात. तिथल्या पाड्यांतल्या मुलींना घेऊन मला वाटाड्याचं काम सुरू करायचं आहे, आणि त्याआधी महिनाभराचं गिर्यारोहण शिबिर. आबांचं एकच, "घरातली पहिली बी.ए., अन् दगडवर चढस?" शेवटी डोंगर दाखवायला म्हणून पायथ्याशी भरीत पार्टी ठेवली. (भरिताला आबा नाही म्हणत नाहीत.)

ठरलं असं, की मी आणि माझी मैत्रीण सारिका माथ्यावरून अर्ध्यापर्यंत उतरलो की मी ओढणी हलवायची आणि आईने कपाशीच्या काड्या पेटवून वांगी टाकायची. माथा छान झाला. उतरताना मात्र सुळक्याच्या बसक्या नाकाखालच्या भेगेत माझ्या पायाला खाच सापडेना. (सारिका माझ्या वर अडकलेली. "सावकाश कर, मला घाई नाही," असं ती रडवेल्या आवाजात म्हणत होती.) मदतीसाठी मी ओढणी हलवली. खाली लगेच जाळ झाला. मी आणखी जोरात हलवली. पोरींना फार भूक लागली असं समजून आईने आणखी काड्या टाकल्या. धुराने आम्ही दोघी वांग्यांच्या आधी भाजायच्या बेतात होतो.

अखेर भाकरी थंड होताहेत म्हणून आबाच चपला काढून बोलवायला आले. माझ्या खालच्या कपारीपर्यंत पोहोचले, मागे वळून पाहिलं आणि खडकाला मिठीच मारली. "माय व, पाय कोठे ठेवू?"

आत्या, आबांनी आजवर मला कधी काही विचारलं नव्हतं.

त्यांच्यासाठी वाकून पाहिलं तेव्हा मला माझीही खाच दिसली. "डावा पाय खाली, आबा. आता उजवा." असे आम्ही तिघे उतरलो. भरिताचा कोळसा झाला होता. आबांनी तोही खाल्ला.

आपली,
दिपमाला

ता.क. पोरीला सुळक्यावरून मीच सोडवून आणलं, असं आबा गल्लीभर सांगतात. मीही हो म्हणते.

ता.क. २. शिबिर जवळ आलंय. तुम्ही या आणि त्यांना एवढंच म्हणा, "शाबास भाऊ! पण दर खेपेला तू किती चढशील? पोरीला शिकू दे." तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

ता.क. ३. पाकीट बंद करत होते, तर आबांनी हळूच विचारलं, त्या शिबिरात बाप लोकांना घेतात का. तरी याच. आता त्यांना घरी थांबवायला.