आलूशी शर्यत

वाशीम, जानेवारी १९७४. शनिवार, संध्याकाळ

हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये आलूची फोड टाकली की आलूतल्या एन्झाइममुळे फेस येतो. माझ्या तांब्याच्या निळ्या संयुगानेही तो काढावा म्हणून दिवाळीपासून धडपडतोय. आज बुडबुडे आले. कॉलेजातल्या स्टाफला चहा पाजला. घराकडे निघालो आणि आठवलं, ढवळायची काडी आलूच्याच परीक्षानळीतली, न धुतलेली. मग बुडबुडे कोणाचे? सायकल परत प्रयोगशाळेकडे वळवली. काडी घासली. संयुगाचं द्रावण उकळून गार केलं, म्हणजे आलूचा अंश असलाच तर निकामी व्हावा. मग ताजं पेरॉक्साइड घातलं. पुन्हा बुडबुडे आले. थोडे, पण माझे.

जेवताना बायको म्हणाली, "टोपलंभर आलू घरात हायेत, अन् तुमी नकली आलू कायले बनवून राह्यले?"

ताटातली फोड दाखवली. "उकडल्यावर हा फेस काढत नाई. माझं संयुग काढते."

"पण त्याची भाजी होते काय?"

भाजी पुन्हा वाढून घेतली.