व्हिस्कीचा भाव आणि अप्पांची शपथ

लुईव्हिल, केंटकी
१२ ऑक्टोबर १९७४

प्रिय दाक्षायणीअक्कास, तुझ्या धाकट्या चन्नवीरचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. ज्वारी मिळत नाही, म्हणून मक्याची भाकरी थापतो. ती तुटते, पण पोट भरतं. सोलापुरात थंडी पडली का? अप्पांचा खोकला?

अक्का, मागच्या पत्रात मी लिहिलेला ‘धान्याचा कारखाना’ खरं तर दारूचा आहे. व्हिस्की चाखून तिचा भाव सुचवायचा, हे माझं काम. निघताना अप्पांनी दारू न पिण्याची शपथ घातली होती. मी चाखून थुंकतो, म्हणून ती मोडली नाही, असं मनाला समजावतो.

काल साहेबांनी दोन पेले ठेवले. एकात मक्याची महाग बर्बन, दुसऱ्यात राय नावाच्या धान्याची स्वस्त व्हिस्की. बर्बन नुसतीच गोड होती. रायची आधी मिऱ्यासारखी झोंबली, मग दुधनीच्या आपल्या शेतात ऊन कलताना ओल्या कडब्याचा येतो, तसा वास दरवळला. डोळे मिटले आणि मी बांधावरच उभा होतो, किती वेळ कोण जाणे.

“भाव?” साहेबांनी विचारलं.

“बर्बनपेक्षा जास्त लावा.”

ते हसले, मग स्वतः चाखली आणि उरलेला पेला संपवला. आज त्यांनी मला नोकरीत कायम केलं.

पण काल डोळे उघडले तेव्हा घोट पोटात गेला होता, अक्का.

अप्पांना मीच लिहीन. ते पत्र वाचताना तू फक्त त्यांच्याजवळ बस.

तुझाच,
चन्नवीर